पासलीच्या देव्हाऱ्यातलं पाकीट

घटस्थापनेच्या सकाळी सिद्धनाथ शेट्यांच्या मोबाईलवर एक फोटो आला आणि पुढचे अडीच महिने त्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. फोटो पाठवणारी अश्विनी, म्हणजे पासलीच्या टपाल शाखेची पोस्टमास्तरीण. शेटे भोरच्या पोस्टात सब-पोस्टमास्तर असताना तिला काम त्यांनीच शिकवलं होतं. तेव्हापासून दर सणाला ती शुभेच्छा पाठवायची आणि मास्तर न बघताच दोन जोडलेले हात परत पाठवायचे. या वेळी मात्र चहा पिता पिता त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. अश्विनीच्या घरचा देव्हारा होता. घट मांडलेला, झेंडूची माळ सोडलेली, चांदीच्या पत्र्यावर देव ठोकलेले चार टाक ओळीनं उभे. त्यांच्या मागे भिंतीला टेकून एक मळका, हळदी-कुंकवानं माखलेला कागद होता. कागदाच्या कोपऱ्यात तिकीट होतं, आणि तिकिटावर कुठल्याशा नखांवाल्या प्राण्याचा पंजा.

मास्तरांचा चहा तिथेच निवला. तो पंजा चिनी ड्रॅगनचा आहे हे भोर तालुक्यात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, आणि कळलं असतं तरी त्याचा चहा निवला नसता.

आता हे वेड काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर मास्तर ठार वेडे वाटतील. थोडे ते आहेतच. लोक तिकिटं जमवतात, मास्तर तिकिटं लावलेली पाकिटं जमवत, आणि तीही कुठलीही नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी परदेशी सरकारांनी चीनवर दांडगाईचे तह लादून त्याची काही बंदरं उघडायला लावली होती. शांघाय, अमॉय, तिएनत्सिन अशी. चीनचं टपालखातं तेव्हा जगाच्या टपाल-करारात नव्हतं, त्यामुळे चीनचं तिकीट बंदरापर्यंतच चाले. तिथून समुद्रापार जायचं तर बंदरातल्या परदेशी पोस्टाचं दुसरं तिकीट शेजारी चिकटवावं लागे. एका पाकिटावर दोन राज्यांची तिकिटं. अशी पाकिटं जगात फार उरलेली नाहीत. मास्तरांनी बत्तीस वर्षं जिवाचं रान करून त्यातली सतरा मिळवली होती. बायको रत्नाबाई त्या कपाटाला 'चीनचं माहेर' म्हणायच्या.

पण सतराच्या सतरा पाकिटं लंडनला, हॅम्बर्गला, बोस्टनला गेलेली. दुसऱ्यांची पत्रं. मास्तरांना हवं होतं ते वेगळंच. एकोणीसशे साली चीनमध्ये बंड झालं तेव्हा इंग्रजांनी हिंदुस्थानातून फौज नेली होती. आपल्या मावळातला एखादा तरी गडी त्या फौजेत असेल, आणि त्यानं एखादं तरी पाकीट घरी धाडलं असेल, असं मास्तरांनी धरूनच ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या प्रदर्शनात आपल्या संग्रहाच्या पहिल्याच पानावर त्यांनी तसं लिहूनही टाकलं. परीक्षकानं त्या ओळीखाली पेन्सिलीनं तीन शब्द लिहिले: 'पुरावा दिसत नाही.' मास्तरांना कांस्यपदक मिळालं. ते त्यांनी आणल्या दिवशीच माळ्यावर टाकलं, पण ते तीन शब्द काही माळ्यावर टाकता येईनात. पुढचं प्रदर्शन जानेवारीत होतं. संग्रहात काय काय मांडणार त्याची यादी डिसेंबर संपायच्या आत पाठवायची होती.

म्हणून दुसऱ्याच दिवशी मास्तर पासलीला निघाले. भोरहून एसटीनं नसरापूर, तिथून दुसऱ्या एसटीनं वेल्हे, आणि वेल्ह्याहून वडापच्या जीपमध्ये अकरावे म्हणून अंग चोरून पासली. पिशवीत भिंग, चिमटा आणि जुनी पाकिटं ठेवायची पारदर्शक पिशवी. ती ते खास मुंबईहून मागवत.

घरात अश्विनीचा बाप रायबा दारवटकर होता आणि त्याची आई धोंडाबाई. धोंडाबाई ऐंशीच्या पुढच्या, पण पाठ ताठ आणि नजर शाबूत. चहा झाला, यंदाच्या भाताचं बोलून झालं. मग मास्तरांनी सहज आठवल्यासारखं करून विचारलं, "तो देवामागचा कागद कसला हो, आई?"

"त्यो कागद न्हाई," धोंडाबाई म्हणाल्या. "त्यो येसबा हाय."

येसबा म्हणजे धोंडाबाईंच्या नवऱ्याचा आजा. पलटणीत होता. चीनच्या लढाईवर गेला आणि तिकडेच राहिला. देह आला नाही, अस्थी आल्या नाहीत, आलं ते एवढं पाकीट. लढाईत पडलेला माणूस घराचा वीर होतो, त्याचा चांदीचा टाक करून देवांत ठेवतात. पण चांदी करायची ऐपत तेव्हा कुणाची होती? घरच्यांनी पाकीटच देवांत बसवलं. तेव्हापासून दर दसऱ्याला त्याला हळद लागते, कुंकू लागतं, नैवेद्य दाखवला जातो.

हे ऐकताना मास्तरांच्या कानामागून घामाचा ओघळ आला. बत्तीस वर्षं ज्याच्यासाठी मुंबईच्या दलालांच्या पायऱ्या झिजवल्या ते घरापासून दोन एसट्या आणि एका जीपच्या अंतरावर हळद खात बसलं होतं.

"मी जरा हातात घेऊन बघू?"

"आत्ता कसं?" धोंडाबाई म्हणाल्या. "देव बसल्यात. दसऱ्यापातूर जागचं हालवायचं न्हाई."

घट बसले की देव हलवत नाहीत हे मास्तरांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या घरीही घट होते, आणि ते रत्नाबाईंच्या अंगावर टाकून ते इथे आले होते. नऊ दिवसांनी काय बिघडतं असं स्वतःला बजावत ते परतले, आणि बजावूनही रात्रभर कुशी बदलत राहिले.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मास्तर पुन्हा पासलीत हजर. बघतात तर देव्हाऱ्यापुढे पडदा ओढलेला. रायबा ओसरीवर बसला होता, डोक्याचं मुंडण केलेलं.

"चुलता गेला, मास्तर. दसऱ्याच्या सांजेलाच. सोनं वाटून आला आन् गेला."

मास्तरांनी हळहळ व्यक्त केली. ती खरीही होती, पण त्या हळहळीत चुलत्याचा वाटा किती आणि त्यानं गाठलेल्या मुहूर्ताचा किती हे मास्तरांनी स्वतःला विचारलं नाही. सुतकात देवाला हात लागत नाही. तेरावा होऊ द्या, रायबा म्हणाला. मास्तरांनी ओसरीवरच मनातल्या मनात दिवस मोजले आणि तेरावा वसुबारसेच्या तोंडावर येतोय हे लक्षात येऊन त्यांचा जीव चिडला. मेलेल्या माणसावर चिडता येत नाही म्हणून ते जीपवाल्यावर चिडले. परतताना त्यानं त्यांना टपावर बसतोस का विचारलं होतं.

"अहो, दिवाळीचा फराळ कुठे करणार?" रत्नाबाईंनी विचारलं. "इथे की पासलीला? म्हणजे तसे लाडू बांधते."

"तुला चेष्टा सुचतेय," मास्तर म्हणाले.

"मला नाही तर कुणाला सुचणार? तुम्हाला कपाट सोडून काही सुचत नाही."

भाऊबीज झाली आणि मास्तर तिसऱ्यांदा गेले. या वेळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. ते पाकीट मला द्या, मी ते जपून ठेवीन, काचेत ठेवीन, पुण्याच्या प्रदर्शनात मांडीन, खाली तुमच्या येसबाचं नाव आणि गावाचं नाव लिहीन, असं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. रायबानं मान हलवत ऐकलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "द्यायला माजी ना न्हाई. पर देवाचं काय करायचं ते देवालाच इचारावं लागंल. कौल लावू."

मग सगळे वाघजाईच्या देवळात गेले. पुजाऱ्यानं देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. रायबानं हात जोडून विचारलं, "येसबाला मास्तरांच्या हवाली करावं का, आई?" आणि सगळे कळ्यांकडे बघत बसले. पाऊण तास. मास्तरांनी देवीकडे इतकं एकटक कधी बघितलं नव्हतं. शेवटी डावी कळी पडली, आणि तीही अशी टपकन की वाद घालायला जागा राहिली नाही.

"मला नुसतं जवळून बघू द्यावं का, हे तरी विचारा," मास्तर म्हणाले.

याला कौल उजवा मिळाला. म्हणजे बघायचं, हात लावायचा नाही. घरी आल्यावर मास्तरांनी हात पाठीमागे बांधले, अश्विनीनं त्यांच्या डोळ्यांपुढे भिंग धरलं, आणि छत्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला तो माणूस देव्हाऱ्यापुढे कमरेत वाकून उभा राहिला. हळदीचा थर नखाएवढा जाड होता. तरी उजवीकडे ड्रॅगन दिसला, अगदी मिशांसकट. त्याच्या शेजारी व्हिक्टोरिया राणीचं हिंदुस्थानी तिकीट, आणि राणीच्या तोंडाखाली काळ्या शाईत सी.ई.एफ., चीनवर गेलेल्या हिंदी फौजेसाठी मुद्दाम छापलेली अक्षरं. त्यावर तिएनत्सिनचा अर्धा शिक्का. खाली पत्त्यात 'मौजे पासली' एवढं कुंकवाच्या दोन बोटांमधून सुटलेलं.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. धोंडाबाईंना वाटलं, भाव उपजला. त्यांनी मास्तरांच्या कपाळाला अंगारा लावला.

"सर, मी फोटो काढते की," अश्विनी म्हणाली. तिनं सात फोटो काढले. सातांतही वरच्या ट्यूबलाईटची तिरीप नेमकी तिकिटांवर पडलेली. आणि पाकिटाची मागची बाजू भिंतीकडे होती, तिचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय प्रदर्शनात फोटो चालत नाहीत, अस्सल वस्तूच लागते. हे मास्तरांनी अश्विनीला सांगितलं, मग वडापच्या जीपमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला सांगितलं, आणि घरी आल्यावर रत्नाबाईंना दोनदा सांगितलं.

असे दिवस जायला लागले. नोव्हेंबर सरला. यादीचा कागद टेबलावर पडून होता. सतरा ओळी भरलेल्या, अठरावी कोरी. मास्तर ती रोज बघत आणि रोज नव्यानं चडफडत. वस्तू समोर आहे, मालक भला माणूस आहे, मागणारा प्रामाणिक आहे, आणि तरी घोडं अडलेलंच. भांडावं तर कुणाशी? दारवटकर लबाड असते तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटायला लागलं. लबाडाशी काहीतरी जुळवता येतं.

आणि मग एका सकाळी दाढी करताना त्यांना सुचलं. साबण तसाच गालावर ठेवून ते बाहेर आले. रत्नाबाई देव घासत होत्या. त्यांच्या घरचा खंडोबाचा टाक दहा वर्षांपूर्वी झिजून सपाट झाला होता, तेव्हा भोरच्या सोनाराकडून नवा करून घेतला होता आणि जुनी चांदी सोनारानं त्यातच आटवली होती. देव झिजतात. झिजले की बदलतात. यात कुणाला पाप लागत नाही, कौल लागत नाही, काही लागत नाही.

मास्तर चौथ्यांदा पासलीला गेले तेव्हा त्यांच्या चालण्यात वेगळाच जोर होता.

"रायबा, मला पाकीट नको," ते ओसरीवर बसता बसता म्हणाले. हे साफ खोटं होतं. "पण मी छत्तीस वर्षं कागद हाताळलेत. तुमचा येसबा झिजलाय. खालचा काठ पार गेलाय, घडीवर चीर पडलीय. आणखी चार दसरे हळद लावलीत तर हातात भुगा येईल. मग काय पुजणार?"

रायबा गंभीर झाला. त्यानं आत जाऊन बघितलं, परत आला आणि आईला म्हणाला, "मास्तर म्हणत्यात ते खरं हाय. काठ गेलाय."

"दुसरा देव झिजला तर काय करता?"

"नवा टाक करतो."

"मग येसबाचाही करा. घोड्यावरचा वीर, हातात तलवार, चांदीचा. मीच करून देतो, माझ्याकडून. भोरला आमचा ओळखीचा सोनार आहे."

धोंडाबाईंनी मास्तरांकडे बघितलं. "तुमी कशापायी?"

"पोस्टातून आलेला देव आहे, आई. पोस्टातल्या माणसानंच द्यावा."

हे वाक्य त्यांनी येताना जीपमध्ये जुळवून ठेवलं होतं आणि ते चांगलंच लागू पडलं. धोंडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. रायबानं मास्तरांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. आता जुन्याचं काय करायचं, हे ना रायबानं काढलं ना मास्तरांनी. मास्तरांनी तर ते जाणूनबुजून काढलं नाही. फार उतावीळ दिसलो तर काम बिघडेल, असा त्यांचा होरा. नवा आला की जुन्याचं देवपण गेलं, देवपण गेलं की तो कागद, आणि कागद म्हटला की मास्तरच. इतकी सरळ गोष्ट बोलून कशाला दाखवायची?

टाक झकास झाला. घोड्याचा पुढचा पाय उचललेला, वीराच्या मिशा पिळलेल्या. मास्तरांनी घरी अठरावी ओळ भरली: 'तिएनत्सिन ते मौजे पासली, चिनी व हिंदी तिकिटांचं मिश्र पाकीट.' यादी पाकिटात घालून त्यावर पत्ताही लिहिला.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी टाक बसवायचं ठरलं. दारवटकरांनी भावकी बोलावली होती. अंगणात मांडव, चुलीवर पुरणाचं. मास्तरांना पाटावर बसवलं, त्यांच्या हातून टाकाला दूध-पाण्यानं आंघोळ घातली, आणि चांदीचा येसबा खंडोबाशेजारी जाऊन बसला. भंडारा उधळला. मास्तरांचा सदरा पिवळा झाला आणि त्यांनी तो आनंदानं होऊ दिला. पिशवीतली पारदर्शक पिशवी त्यांनी हळूच वरती काढून ठेवली होती.

मग रायबानं देवांमागून पाकीट काढलं. पितळी ताटात भाताची रास केली, वर झेंडूची फुलं, फुलांवर पाकीट. ताट उचलून तो अंगणाबाहेर चालायला लागला. मागोमाग हलगीवाला, मागोमाग भावकी.

"कुठे नेताय?" मास्तरांनी अश्विनीला विचारलं.

"नदीवर, सर."

"कशाला?"

अश्विनीनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मास्तरांना उत्तर कळलं. झिजलेला देव पाण्यात सोडतात. चांदीची लालूच शहरातल्या सोनारांना आणि शहरातल्या लोकांना. इथे देव कुणी आटवत नाही.

मास्तर पळत रायबापुढे जाऊन आडवे उभे राहिले. हलगी थांबली.

"रायबा, हे सोडायचं नाही. हे मला हवंय. अहो, मी त्याच्यासाठीच तर टाक केला." आता काय लपवायचं राहिलं होतं? "मला ते पाकीटच हवं होतं पहिल्यापासून. माझ्या हातात द्या आणि माझ्यावर पाहिजे तेवढे रागवा."

रायबा रागावला नाही. रागावला असता तर मास्तरांना काहीतरी आधार मिळाला असता. तो फार मायेनं म्हणाला, "मास्तर, देवपण उतरवल्याला देव कुणाच्या घरात ठिवत न्हाईत. तुमी आमच्यासाटनं येवढं केलं, आन् तुमच्या घरात काय इपरीत घडलं तर आमी कुणाला त्वांड दावायचं?"

"काही घडणार नाही. मी लिहून देतो."

"तुमचं मन मोटं हाय," रायबा म्हणाला, आणि भावकीनं माना डोलावल्या. यांना आपण मागतोय ते कळत नाही की कळूनही हे आपल्या भल्याचंच बघतायत, हे मास्तरांना समजेना. दोन्हींतलं काहीही असलं तरी तळपायाची आग मस्तकात जायला पुरेसं होतं. त्यांना ओरडावंसं वाटलं, त्या भल्या माणसाची कॉलर धरावीशी वाटली. तेवढ्यात रायबानं ताट त्यांच्याच हातात दिलं.

"नवा ज्यानं आणला त्यानंच जुना सोडायचा. आमच्यात तसंच हाय."

नदी घराखालीच होती. डिसेंबरचं पाणी, उथळ, नितळ आणि बर्फासारखं गार. मास्तरांनी चपला काढल्या, पॅंट वर केली आणि ताट घेऊन गुडघाभर पाण्यात गेले. काठावर भावकी. अश्विनीच्या हातात मास्तरांचा मोबाईल. तो त्यांनी जाता जाता फोटोसाठी तिला देऊन ठेवला होता, पण पाण्यात उतरल्यावर मागे वळायचं नसतं, असं कुणीतरी सांगितलं, आणि तिच्या फोटोत फक्त मास्तरांची पाठ आली.

त्यांनी पाकीट उचललं. अडीच महिन्यांत पहिल्यांदा ते त्यांच्या बोटांना लागलं. हळदीनं कडक झालेलं, आणि हलकं. ड्रॅगन होता, राणी होती. मग त्यांनी ते उलटं केलं. सव्वाशे वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलेली ती बाजू, तिला ना हळद लागली होती ना कुंकू. वरच्या कोपऱ्यात एक छोटं लाल तिकीट होतं. मास्तरांना आधी ते ओळखूच आलं नाही, इतकं ते घरचं होतं. भोर संस्थानचं तिकीट; पासली तेव्हा त्याच संस्थानात होती. पंतसचिवांच्या राज्याचं स्वतःचं टपाल होतं, ते या लढाईच्या आधीच बंद पडलं असं मास्तरांनी वाचलं होतं, आणि इथे त्या तिकिटावर काळा शिक्का बसलेला होता. चीनचं, हिंदुस्थानचं आणि भोरचं. एका पाकिटावर तीन राज्यं. असं पाकीट कुणी बघितलं नव्हतं, असेल असं कुणी म्हटलंही नव्हतं.

मास्तरांनी चोरायचं ठरवलं. ठरवायला फार वेळ लागला नाही, हेही सांगायला हवं. छत्तीस वर्षं ज्यांनी दुसऱ्याचं पोस्टकार्ड हातात आलं तर मजकुरावरून नजर काढून घेतली, ते वाकले, सोडल्यासारखं करून दोन्ही हात पाण्याखाली नेले आणि पाकिटावर मूठ मिटली. मूठ तशीच सदऱ्याखाली न्यायची, एवढंच करायचं होतं.

पाण्याखाली ती मूठ क्षणभरच भरलेली होती. मग बोटांमधून पिवळं काहीतरी सुटायला लागलं. तो कागद आता कागद उरलाच नव्हता; हळदीनं त्याला धरून ठेवलं होतं, आणि हळद पाण्यात सुटते. मास्तरांनी मूठ आणखी आवळली तसा तो आणखी गेला. त्यांनी हात वर काढून उघडला तर तळव्यावर नुसता लगदा. लाल तिकीट तेवढं सुटून दगडांवरून गिरक्या घेत चाललं होतं. मास्तर त्याच्यामागे दोन पावलं धावले, शेवाळावर पाय गेला आणि ते सदऱ्यासकट पाण्यात बसले. तिकीट पुढच्या दगडाआड गेलं.

काठावर हलगी जोरात वाजायला लागली. मास्तरांनी येसबासाठी बुडी मारली, असंच सगळ्यांनी धरलं. रायबानं पाण्यात येऊन त्यांना हाताला धरून वर काढलं. कोरडा टॉवेल, नवी टोपी, नारळ. कुणी म्हणालं असा माणूस बघितला नाही. कुणी म्हणालं दर दसऱ्याला यायचं, तुमच्या हातचा टाक आहे. मास्तर कुडकुडत होते आणि त्यांना सगळ्या जगाचा राग आला होता. देवीचा, सोनाराचा, परीक्षकाचा, त्या मेलेल्या चुलत्याचा, आणि सगळ्यांत जास्त त्या साबण लावलेल्या सकाळी स्वतःला शहाणा समजणाऱ्या माणसाचा.

बाकीचे जेवणाकडे गेले. धोंडाबाई मागे थांबल्या. त्यांनी मास्तरांच्या कपाळाला गंध लावलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमी मूठ मिटली व्हती. म्या बगितलं."

मास्तरांनी मान खाली घातली. त्यांना वाटलं, आता ही बाई सगळ्यांना हाक मारणार, आणि मारली तर बरंच होईल.

"माझ्या आजेसासूनं बी मिटली व्हती," धोंडाबाई म्हणाल्या. "येसबाची बायकू ती. मरणाचं पत्र घरात ठिवत न्हाईत, वाचलं की फाडायचं. आतला कागद मान्सांनी फाडला. पाकीट तिच्या मुठीत व्हतं. तीन दीस तिनं मूठ उघडली न्हाई. जेवली न्हाई, पर मूठ उघडली न्हाई. मग कुनीतरी म्हनलं, ऱ्हाऊ द्या, देवात बसवा."

वरून पंगतीची हाक आली, पण मास्तर हलले नाहीत. एवढी मोठी गोष्ट आपल्याखेरीज कुणी बघितली नाही, आणि सांगितली तर कुणी मानणार नाही, हे त्यांच्या आत्ता कुठे पुरतं ध्यानात येत होतं. कुणाला तरी ती सांगायलाच हवी होती.

"आई," ते म्हणाले, "तीन तिकिटं होती त्याच्यावर. तीन राज्यांची."

धोंडाबाईंनी नारळ त्यांच्या पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड नीट बांधलं.

"असतील की," त्या म्हणाल्या. "लांबनं आलं व्हतं."